गिरणीतलं मत आणि संध्याकाळची गाडी

आमच्या गावात जनमत वीज गेल्यावर तयार व्हायचं. हे मी वर्गात सांगत नाही, कारण राज्यशास्त्राच्या पेपरात असं लिहून कुणाला मार्क मिळणार नाहीत. वर्गात मी फळ्यावर वर्तमानपत्रं, राजकीय पक्ष, प्रसारमाध्यमं असं एकाखाली एक लिहिते आणि पोरं मान खाली घालून उतरवून घेतात. पण ‘जनमत’ हा शब्द लिहिला की माझ्या नाकात गरम बाजरीच्या पिठाचा वास येतो. मग मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघते, आणि मागच्या बाकावरच्यांना वाटतं बाई विसरल्या.

कर्जत आणि जामखेडच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात आमचं गाव, मोठ्या रस्त्याच्या फाट्यापासून बरंच आत. गावात आमची पिठाची गिरणी होती. वडील शेत बघायचे आणि गिरणी आई चालवायची. तिच्या पापण्यांवर कायम पीठ असायचं, त्यामुळे ती रागावली की आणखीच भीती वाटायची. वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि दिली तरी मध्येच जाणार. म्हणून वीज आली रे आली की गावातल्या सगळ्या बायका डबे घेऊन एकदमच यायच्या.

गिरणीचा नियम एकच होता, नंबर डब्याचा. डबा रांगेत ठेवला की बाई मोकळी. ती घरी जाऊन भाकरी टाकून आली तरी तिचा नंबर कुणी घेत नसे. आई एकेक डबा पुढे ओढायची, दळायची आणि पलीकडे ठेवायची. एकदा सरपंचांच्या गड्याने त्यांचा डबा सगळ्यांत पुढे आणून ठेवला. गिरणी चालू असताना बोललेलं ऐकूच येत नसे, त्यामुळे आईने बोलण्याच्या भानगडीत न पडता तो डबा पायाने सरकवत सरकवत शेवटाला नेला. थोड्या वेळाने वीज गेली, आणि सरपंचांची बायको स्वतः आली.

“माझाच डबा मागं सारला व्हय?”

“डब्यावर नाव न्हवतं, वैनी. असतं तरी मागंच सारला असता.”

आता भांडण होणार म्हणून सगळ्या पुढे सरकल्या. पण वैनींनी एक पोतं झटकलं आणि त्यावर बसल्या. त्या दिवसानंतर त्या दळण घेऊन स्वतःच यायला लागल्या. वाड्यावर त्यांच्याशी सगळे अदबीने बोलायचे, इथे कुणीतरी नुसतं बोलत होतं, हे त्यांना आवडलं असावं.

गिरणी चालू असली की सगळ्या मुक्या. पट्टा फटफटायचा, पत्रे थरथरायचे. आणि मग वीज जायची. दगड हळूहळू थांबायचे, आणि कानात एकदम पोकळी व्हायची. त्या पोकळीत कुणीतरी पहिलं वाक्य बोलायचं. नळाला पाणी का नाही, अंगणवाडीतली खिचडी कशी आहे, यंदा कुणाला पाडायचं, सगळं तिथेच. वीज परत आली की अर्धं बोलणं तोंडात राहायचं आणि ते घरी जायचं. पुढच्या वेळी तिथूनच पुढे सुरू.

पुरुषांचं मत पारावर तयार व्हायचं, असं पुरुषांना वाटायचं. तिथे पेपर यायचा, एकजण मोठ्याने वाचायचा, बाकीचे दिल्लीला काय चुकलं ते सांगायचे. निवडणुकीला उभे राहणारे सगळे पारावर यायचे, चहा प्यायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि गाव आपल्या खिशात आहे अशा थाटात जायचे. गिरणीत कधी कोणी उमेदवार आला नाही. कपड्यांना पीठ लागतं ना.

मी अकरावीला तालुक्याच्या गावी जायला लागले त्याच वर्षी संध्याकाळची एसटी बंद झाली. सकाळची यायची, दुपारची कशीबशी यायची, पण संध्याकाळच्या गाडीला भारमान नाही, म्हणजे माणसंच बसत नाहीत, असं आगाराचं म्हणणं. कॉलेज सुटल्यावर आम्ही चार-पाच मुली मोठ्या रस्त्याने जाणाऱ्या दुसऱ्या गाडीने फाट्यावर उतरायचो आणि तिथून बाभळीच्या रानातून पायी. दिवस लहान होत गेले तसा तो रस्ता अंधारात जायला लागला. वडील रोज सायकलवर फाट्याला यायचे. एक दिवस जेवताना ते ताटाकडे बघून म्हणाले, “ज्वारीची पेरनी आली. मला रोज यायला जमायचं न्हाई. दिवाळीपतूर बघू, गाडी सुरू झाली तर शीक. न्हाई तर आत्यानं स्थळ आनलंय, त्यास्नी कळवून टाकू.”

वडील वाईट नव्हते. घाबरलेले होते, आणि मला त्यांच्यावर धड रागावताही येत नव्हतं. त्या रात्री मी पुस्तकं उशाशी घेऊन झोपले. स्थळ चांगलं होतं म्हणे, दोन बोअर असलेलं. मला त्या दोन्ही बोअरचा मनापासून राग आला.

पारावर गाडीचा विषय निघालाच नाही असं नाही. निघाला आणि संपला. “आता घरोघर मोटारसायकल हाय. लाल गाडी कोनाला पायजे?” असं कुणी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मोटारसायकल बऱ्याच घरी होती हे खरं, पण तिच्यावर बसून पारावर कोण यायचं आणि घरी कोण राहायचं, हे तिथे कुणी विचारलं नाही.

गिरणीतही पहिल्यांदा काही वेगळं झालं नाही. वीज गेली, विषय निघाला, आणि एक म्हातारी म्हणाली, “पोरींना येवढं शिकवून काय करायचंय? लगीन करा, मोकळं व्हा.” चार जणींनी हुंकार भरला. मी कोपऱ्यात पीठ चाळत होते. मला वाटलं आता आई तिला झाडणार. आई पट्ट्याला मेण लावत राहिली. मला तिचा इतका राग आला की मी चाळणी आपटून बाहेर गेले.

आई करत काय होती ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. कुणी बाई बाहेरगावी जाऊन आली आणि गिरणीत टेकली, की आई तिला एकच विचारायची.

“कशी आलीस गं?”

एवढंच. मग ती बाई सांगायची. एकीचे गुडघे फाट्यापासून चालून सुजले होते. एकीच्या मागे वाटेत कुत्री लागली होती. एकीची सून दिवसांत होती आणि तपासायला नेलेली, येताना त्या दोघींना फाट्यावर टेम्पोवाल्याचे पाय धरावे लागले होते. वीज जायची, आई विचारायची, कुणीतरी सांगायचं, वीज यायची, आणि ती गोष्ट दळणाबरोबर घरोघर जायची. महिन्याभरात असं झालं की विचारायचीही गरज उरली नाही. आणि एक दिवस तीच म्हातारी, लगीन करून मोकळं व्हा म्हणणारी, सगळ्यांना दरडावून म्हणाली, “गाडी पायजेच. मी पयल्यापसनं म्हनते.”

आईने माझ्याकडे बघितलं. मी हसू दाबायला पुन्हा चाळणी हातात घेतली. आजही कुणी टीव्हीवर ठासून ‘आमची भूमिका पहिल्यापासून हीच होती’ म्हणालं की मला ती म्हातारी आठवते, आणि त्या माणसाबद्दल थोडी मायाच वाटते.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा असते. आमच्या गावात ती दरवर्षी नेमकी दिवसाच्या विजेच्या आठवड्यात, ऐन दळणाच्या वेळी भरायची. त्यामुळे कुणी बाई जायची नाही. शिपाई घरोघर फिरून सह्या-अंगठे घ्यायचा आणि महिलांची सभा झाली असं ठरायचं. त्या वर्षीही तसंच होणार होतं. पण त्या सकाळी बायकांनी गिरणीत डबे रांगेत ठेवले, पदर सारखे केले आणि पंचायतीकडे चालू लागल्या. नंबर डब्याचा असल्यामुळे अडचण काहीच नव्हती.

आई गेली नाही. “दळान कोन करंल?” म्हणाली. मला मात्र पाठवलं, ऐकून येऊन सगळं सांग म्हणून.

पंचायतीत सतरंजी पुरेना. ग्रामसेवकाने घाईघाईने माणूस पाठवून सरपंचांना हॉटेलातून बोलावून आणलं. बायका बसल्या आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. गिरणीत घडाघडा बोलणाऱ्या त्याच बायका, पण इथे खुर्च्या होत्या, टेबल होतं, फोटो होते. वाटलं, आता ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ करत सभा संपणार आणि माझं लग्न होणार.

मग एक बाई उठली. दरवर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर कारखान्यावर ऊस तोडायला जाणारी, गावात सहा महिनेच असणारी. तिला कधी कुणापुढे बोललेलं मी ऐकलं नव्हतं. “मी आता कोयत्यावर जाईन,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “माझी पोरगी आकरावीला हाय, सासूपाशी ठिवून जाते. सांजची गाडी नसली तर तिला ठिवता यायचं न्हाई. संग न्यावं लागंल. मंग तिच्या हातात बी कोयताच.”

ती खाली बसली. सरपंच गळा साफ करून म्हणाले, “ठराव घेऊ. पन पुढं आगार काय म्हनतंय ते...”

“ठरावावर थांबू नका,” मागून वैनी म्हणाल्या. “आपली जीप घेऊन जावा. आमी बी येतो.”

नवऱ्याला सभेत असं तोंडावर सांगितल्याचं गावाने पहिल्यांदाच ऐकलं. सरपंचांनी आधी बायकोकडे, मग त्या सगळ्या गर्दीकडे बघितलं आणि मान हलवली. मी पळत गिरणीत आले. आई दळतच होती. मी तिच्या कानात ओरडून सगळं सांगितलं, आणि तिने मान न वळवता पुढचा डबा ओढला.

दोन दिवसांनी जीप बायकांसकट आगारात गेली. तिथले साहेब सरळ माणूस निघाले. दिवाळीची सुट्टी संपली की एक महिना गाडी सोडून बघतो म्हणाले. माणसं बसली तर चालू राहील, नाहीतर बंद. पासवाल्या मुलींवर भारमान धरता येत नाही, तिकिटं फाटली पाहिजेत. यात न्याय नव्हता असं मी म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला, ड्रायव्हरला पेढा भरवला. दुसऱ्या दिवशी गाडीत आम्ही मुली आणि एक शेळी घेतलेला म्हातारा. तिसऱ्या दिवशी म्हाताराही नाही. गाडी पाहिजे असं म्हणणाऱ्या बायकांपैकी कुणाला संध्याकाळी तालुक्याहून यायचंच नव्हतं. त्यांना मुळात तालुक्याला जायचंच नव्हतं.

तोड निघाली ती गिरणीतूनच. डब्यांची रांग असते तशी गाडीची रांग लावायची. रोज दोघी-तिघींनी दुपारच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने यायचं. मग काय विचारता. कामाशिवाय गावाबाहेर पाऊल न टाकलेल्या बायका नंबर लागला म्हणून तालुक्याला निघाल्या. एकीने कित्येक वर्षं दुखणारी दाढ काढून घेतली. एक बहिणीला भेटून आली, तिचं नवं घर हिने बघितलंच नव्हतं. एक नुसतीच स्टँडवर बसून भेळ खाऊन आली, आणि परतताना इतकी खुशीत होती की तिने आम्हा सगळ्या मुलींना फुटाणे वाटले. गाडीतल्या त्या गप्पा, ते लाल होणारं आभाळ, खिडकीतून येणारा ज्वारीच्या रानाचा गारवा... मला ते दिवस आयुष्यातून काढून कुठेतरी जपून ठेवता आले असते तर मी ठेवले असते.

पण ऊसतोडीचे ट्रक येऊन गेले आणि अर्धं गाव रिकामं झालं. सभेत बोललेली ती बाईही गेली. जाताना तिने आपला डबा गिरणीत आणून ठेवला. “गाडीचा माजा नंबर सासू घेईल,” म्हणाली. सासूने दोनदा घेतला, मग तिला थंडीचा खोकला लागला. खुरपणी सुरू झाली तशा उरलेल्याही गळायला लागल्या. पारावर टिंगल सुरूच होती, बायकांना हिंडायला गाडी पाहिजे होती म्हणून. घरोघरी नवरे कुरकुरायला लागले. शेवटच्या आठवड्यात कंडक्टर आम्हाला हळूच म्हणाला, “पोरींनो, सोमवारी साहेब स्वतः भारमान बघणार आहेत.”

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती गिरणीच्या झिजलेल्या दगडाला टाकी लावत होती, छिन्नी थांबली नाही. वडिलांनी आत्याला फोन केलेला मी ऐकला होता. मला रडू येत होतं आणि ही बाई ठोकत बसली होती.

सोमवारी मी सकाळच्या गाडीने गेले. पुढचं मला नंतर वेगवेगळ्या बायकांनी सांगितलं, प्रत्येकीने स्वतःला मध्यभागी ठेवून. दिवसाची वीज होती. बायका डबे घेऊन आल्या तर गिरणीला कुलूप. पायरीवर आई बसलेली, धुतलेलं लुगडं नेसून, मांडीवर आमच्या घरच्या ज्वारीचा डबा.

“मोटार जळली का काय?”

“मोटार चांगली हाय. गिरणी बंद हाय.”

“आन दळान?”

“तालुक्याला. दुपारची गाडी यायची येळ झाली.”

बायका भडकल्या. तिला वेडी म्हणाल्या, घरी चिमूटभर पीठ नाही म्हणाल्या, एकीने तर डबा आपटला. आईने ऐकून घेतलं. तेवढ्यात फाट्याकडून गाडीची धूळ दिसली. आई उठली, डबा कमरेवर घेतला आणि स्टँडकडे चालू लागली. मागे आधी वैनी निघाल्या. मग ती म्हातारी, मी पयल्यापसनं म्हनते म्हणणारी. मग बाकीच्या, शिव्या देत देत.

आम्ही मुली संध्याकाळी तालुक्याच्या स्टँडवर आलो तर गाडीच्या दारात गर्दी. आत बघते तर आमचं गाव. सीटवर बायका, मांडीवर डबे, सीटखाली डबे, मधल्या वाटेत डबे. सगळ्यांच्या केसांवर दुसऱ्याच गिरणीचं पीठ. कंडक्टर ओरडत होता, “अहो मावशी, डबा उचला, पाय कुठं ठेवू मी?” फलाटावर साहेब हात मागे बांधून उभे. त्यांनी आत एकदा बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि वैनींना विचारलं, “तुमच्या गावात गिरणी नाही का?”

“हाय की,” वैनी म्हणाल्या, “पन आज तिला गावाला जायचं हुतं.”

साहेब हसले आणि त्यांनी ड्रायव्हरला हात केला. आई पुढे खिडकीशी बसली होती. तिने मला बघितलं आणि ओळख नसल्यासारखी बाहेर बघायला लागली. मला बसायला जागा नव्हती. एका हाताने दांडा धरून, पायाशी कुणाचा तरी कोमट पिठाचा डबा, मी गावापर्यंत उभी राहून आले. इतक्या सुखाने मी आयुष्यात कधी उभी राहिलेली नाही.

गाडी चालू राहिली. मी बारावी झाले, पुढे शिकले, आता नगरला शिकवते. ऊसतोडीच्या बाईची मुलगी नर्स आहे. त्या दिवशी काही बायकांना तालुक्याचं बारीक पीठ आवडलं आणि त्या आमच्या गिरणीत पुन्हा आल्या नाहीत. “येतील गं,” आई म्हणायची. नाही आल्या. पुढे घरोघर घरघंटी झाली, वीजही पहिल्यासारखी जात नाही, आणि गिरणीच्या दाराशी आता वडील खताची पोती ठेवतात. गावाचा मोबाईलवर ग्रुप आहे. संध्याकाळची गाडी बंद होणार अशी मधूनच बातमी येते आणि तासाभरात पन्नास अंगठे उठतात. गाडीत मात्र कधी माणसं असतात, कधी नसतात.

आई थकली आहे. संध्याकाळी ओट्यावर बसते आणि गाडी येऊन गेल्याशिवाय जेवत नाही. मी सुट्टीला त्याच गाडीने येते. मी कशी आहे, जावई कसे आहेत, हे ती नंतर विचारते. आधी विचारते, “कशी आलीस गं? बसायला जागा न्हाई ना गावली?”

“न्हाई,” मी म्हणते, “उभी राहून आले.”

तिचा चेहरा असा उजळतो की बघत राहावं. आणि मला आईशी खोटं बोलता येत नाही, म्हणून गाडी रिकामी असली तरी मी तालुक्यापासून दांडा धरून उभीच येते.